बिनतिकिटाचं पत्र

होस्टेलमध्ये राहणाऱ्या प्राण्याला ‘फुकट’ या शब्दाइतका लाडका शब्द दुसरा नसतो. फुकट वायफाय, फुकट झेरॉक्स, कुणाच्या तरी बर्थडेची फुकट शेवभाजी! फुकट मिळालेल्या गोष्टीची चव काही औरच, हे मी सांगायची गरज नाही. पण या फुकटातही दोन जाती आहेत. एक फुकट म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात, आणि दुसरं फुकट म्हणजे सगळ्यांनी मिळून एखाद्यासाठी आधीच मोजून ठेवलेले पैसे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून तर गोंधळ होतो. या लेखात मला त्या दुसऱ्या फुकटाची बाजू मांडायची आहे, आणि त्यासाठी मी उदाहरण घेतलंय पोस्टाचं. हसू नका! पोस्ट हा काही फक्त आजोबांचा विषय नाही.

मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये एक चर्चा भलतीच रंगली होती. एका सिनियर ताईला परदेशी युनिव्हर्सिटीला कागदपत्रं पाठवायची होती. कुरियरवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून तिचा चेहरा मेसच्या डाळीसारखा पातळ झाला. मग काय, सल्ले देणाऱ्यांची रांगच लागली. एकीने सांगितलं, पत्ते उलटे लिही. म्हणजे ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता ‘प्रेषक’ म्हणून लिहायचा, आपला पत्ता ‘प्रति’ म्हणून लिहायचा, आणि तिकीट लावायचंच नाही. पोस्ट म्हणेल तिकीट नाही, परत पाठवा. झालं काम! दुसरी म्हणाली, तिच्या काकांच्या वेळी तिकिटावर डिंकाचा पातळ थर द्यायचे. शिक्का त्या डिंकावर बसायचा, पलीकडच्याने तिकीट पाण्यात टाकलं की शिक्का धुऊन निघायचा आणि तिकीट पुन्हा कोरं करकरीत. इंजिनियरिंगच्या पोरींना असल्या गोष्टी ऐकायला कोण आवडतं म्हणून सांगू! जणू काही एखादी पेटंट आयडियाच.

आता या आयडियांचं पोस्टमॉर्टेम करू. पत्ते उलटे लिहिण्याची युक्ती आपल्याकडे पहिल्याच पायरीला आपटते. पोस्टाची जुनी रीत अशी की तिकीट नसलेलं पत्र आधी ‘प्रति’कडेच जातं, आणि त्याच्याकडून दुप्पट आकार मागितला जातो. यालाच आपल्या घरातली मोठी माणसं ‘नॉटपेड’ किंवा ‘बैरंग’ म्हणतात. घेणाऱ्याने नाकारलं तरच ते पाठवणाऱ्याकडे परत येतं. म्हणजे या युक्तीत पत्र आपल्याच दारात येणार, वर दुप्पट पैसे मागणार. आणि जळगावच्या पेटीत पडलेल्या पाकिटावर प्रेषक म्हणून लंडनचा पत्ता असेल तर ते सॉर्टिंगला बसलेल्या माणसाला कळणार नाही का? भुसावळला आर.एम.एस. मध्ये रात्ररात्र पत्रं लावणाऱ्या माणसांनी आपल्यापेक्षा जास्त पाकिटं बघितलेली असतात. परदेशी पाकिटावर तिकीट कमी पडलं तर त्यावर इंग्रजी ‘टी’ अक्षराचा शिक्का मारायची आंतरराष्ट्रीय पद्धत होती. फ्रेंच भाषेतल्या ‘ताक्स’ म्हणजे आकारणी या शब्दाचं ते पहिलं अक्षर. तो शिक्का बघूनच पलीकडच्या पोस्टमनला कळायचं की इथे पैसे वसूल करायचे आहेत. राहिलं धुतलेलं तिकीट. तो तर सरळ कायद्याने गुन्हा आहे. त्यात शोध वगैरे काही नाही.

पण खरं सांगायचं तर फुकट पत्र पाठवायची ही खाज फार जुनी आहे, आणि गंमत म्हणजे आजची सगळी टपालव्यवस्था त्या खाजेतूनच सुधारली. १८४० च्या आधी इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणाऱ्याने द्यायचे असत, आणि तेही अंतरावर. कवी कोलरिजचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. एका खेड्यात पोस्टमन एका बाईकडे पत्र घेऊन आला आणि त्याने एक शिलिंग मागितला. बाई नको म्हणाली. कोलरिजला दया आली, त्याने तिच्या नको नको म्हणण्याकडे लक्ष न देता पैसे भरले. पोस्टमन गेल्यावर तिने पत्र उघडून दाखवलं, तर आत कोरा कागद! भाऊ दूर गावी होता. दर तीन महिन्यांनी त्याने कोरा कागद पाठवायचा, बहिणीने पत्ता बघून परत करायचा, एवढंच ठरलेलं. पत्र आलं म्हणजे भाऊ खुशाल आहे. रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये टपाल सुधारणेवर जी पुस्तिका लिहिली तीत हा किस्सा पुरावा म्हणून दिला. त्यांचं म्हणणं असं की दर इतके महाग ठेवले तर गरीब माणूस चोरवाटा शोधणारच. दर सगळ्यांना परवडेल असा एकच ठेवा आणि पैसे आधी घ्या. त्यातून १८४० मध्ये एक पेनीचं पहिलं तिकीट आलं. आपल्याकडे १८५४ मध्ये तोच नियम आला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पत्र पलीकडच्या गल्लीत जावो की कलकत्त्याला.

हा किस्सा वाचला आणि मला मिसकॉल आठवला. माझे बाबा सांगतात, ते धुळ्याहून शिकायला बाहेर पडले तेव्हा एस.टी.डी. बूथवरून शेजाऱ्यांच्या फोनवर दोन रिंग द्यायचे आणि ठेवून द्यायचे. दोन रिंग म्हणजे सुखरूप पोचलो. तीन रिंग म्हणजे पैसे पाठवा! त्या बहिणीचा कोरा कागद आणि बाबांच्या दोन रिंग यांत दीडशे वर्षांचं अंतर आहे, पण डोकं एकच. मी या लोकांना चोर म्हणायला अजिबात तयार नाही. ज्याच्या खिशात नाही तो काय करणार? पण एक लक्षात घ्या. त्या युक्तीतून फक्त ‘खुशाल आहे’ एवढंच कळत होतं. आई आजारी आहे, फी भरायची आहे, लग्न ठरलं, यातलं काहीच दोन रिंगमध्ये मावत नाही. युक्तीने फुकट मिळालेली गोष्ट नेहमी अर्धीच असते. पूर्ण मिळायची असेल तर व्यवस्थाच बदलावी लागते.

टपालाची व्यवस्था देशाबाहेरही बदलली. ९ ऑक्टोबर १८७४ ला स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांनी करार केला. त्यातूनच पुढे जागतिक टपाल संघटना ज्याला म्हणतात ती उभी राहिली. १ जुलै १८७६ पासून भारतही तिच्यात आला. तोपर्यंत एका देशातून दुसऱ्या देशात पत्र जायचं म्हणजे मधल्या प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा. या देशांनी ठरवलं की पत्रापुरतं आपण सगळे एकच प्रदेश. ज्या देशात पत्र टाकलं त्याने तिकिटाचे पैसे ठेवायचे, ज्या देशात पोचलं त्याने ते दारात नेऊन द्यायचं, वाटपाचे पैसे मागायचे नाहीत. का? कारण आज तुम्ही आमचं वाटलंत, उद्या आम्ही तुमचं उत्तर वाटू! हा हिशेब जवळपास शंभर वर्षं चालला. वाटपाचे पैसे एकमेकांना द्यायचं ठरलं ते १९६९ च्या टोकियो अधिवेशनात. विश्वासावर चाललेली एवढी मोठी सिस्टीम मी तरी दुसरी ऐकली नाही. आपल्याकडे रूममेटचा चार्जर परत येत नाही.

विश्वास आला की त्याचा गैरफायदा घेणाराही येतोच. १९०६ मध्ये या संघटनेने रोममध्ये एक कूपन काढायचं ठरवलं. आपल्याला परदेशातून उत्तर हवं असेल तर कूपन विकत घेऊन पत्रासोबत पाठवायचं, समोरच्याने ते आपल्या पोस्टात देऊन तिकीट घ्यायचं. उत्तर ज्याला हवं त्याने खर्च करायचा, समोरच्याला भुर्दंड नको. किती साधी, सभ्य कल्पना! पण कूपनची किंमत देशोदेशी वेगळी पडायची. १९२० मध्ये अमेरिकेत बोस्टनला चार्ल्स पॉन्झी नावाच्या माणसाने सांगायला सुरुवात केली की मी स्वस्त देशात कूपन घेतो, महाग देशात वटवतो, तुम्ही पैसे द्या, ४५ दिवसांत दीडपट देतो. लोकांची झुंबड उडाली. प्रत्यक्षात कूपनचा धंदा नावालाच होता. नव्या लोकांचे पैसे जुन्यांना वाटले जात होते. आज कुठलीही चेन स्कीम बुडाली की ‘पॉन्झी स्कीम’ म्हणतात, तो शब्द पोस्टाच्या त्या गरीब कूपनातून आला आहे. ‘दीडपट’ म्हटलं की आपल्या खानदेशातही कान टवकारतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता मी माझ्या मूळ मुद्द्यावर येते. जगात आजही परदेशी पत्र तिकीट न लावता, राजरोस, कायद्याने पाठवता येतं. दोन प्रकारच्या माणसांना. पहिला म्हणजे युद्धकैदी. १९०७ च्या हेग करारात लिहून ठेवलं गेलं की युद्धकैद्याचं पत्र, मनिऑर्डर, पार्सल यांना निघणारा देश, पोचणारा देश आणि मधले देश, कुठेच पोस्टेज लागणार नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारात हेच पुन्हा पक्कं केलं. आपल्यापासून फार लांबची गोष्ट नाही ही. पहिल्या महायुद्धात अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसांची मोठी छावणी होती. त्याआधी बोअर युद्धातले कैदीही तिथे आणून ठेवले होते. १९७१ च्या युद्धानंतर आपल्या देशात नव्वद हजारांहून जास्त पाकिस्तानी कैदी होते, त्यांच्या घरच्यांच्या पत्रांनाही हाच नियम. विचार करा, ज्याच्याशी आपण लढलो त्याच्या आईला पत्र पोचावं म्हणून आपलं पोस्ट फुकट काम करतं! हरलेला, बंद केलेला माणूससुद्धा माणूस आहे आणि त्याला घरी चार ओळी लिहिता आल्या पाहिजेत, हे जगातल्या सगळ्या भांडकुदळ देशांनी मान्य केलंय.

दुसरा प्रकार म्हणजे दृष्टिहीन माणसं. ब्रेलमधलं पत्र किंवा पुस्तक ७ किलोपर्यंत पोस्टेजशिवाय पाठवता येतं. आपल्या पोस्टात या प्रकाराला अंधांसाठीचं साहित्य म्हणून वेगळं नावच आहे. जागतिक टपाल संघटनेच्या करारातही दृष्टिहीन व्यक्तीने किंवा त्यांच्या संस्थेने पाठवलेल्या, किंवा त्यांना पाठवलेल्या, अशा टपालाला पोस्टेज माफ आहे. विमानाने पाठवायचं तर तेवढा विमानाचा जादा आकार लागू शकतो. पाकीट तपासता येईल असं बांधायचं आणि वर काठी घेतलेल्या माणसाच्या चित्राचं लेबल लावायचं. बस्स.

कुणी म्हणेल, हे तर लाड झाले. अहो, लाड नाहीत, गणित आहे! ब्रेलचं एक अक्षर म्हणजे सहा टिंबांची चौकट. प्रत्येक टिंब उठलेलं किंवा न उठलेलं. म्हणजे सहा बिट, दोनचा सहावा घात, चौसष्ट शक्यता. लुई ब्रेल या फ्रेंच माणसाने हे कोडिंग कॉम्प्युटरच्या शंभर वर्षं आधी केलं, तेही विशीच्या आत-बाहेर असताना, म्हणजे आपल्याच वयात. पण बोटाला कळावं म्हणून हे अक्षर मोठं ठेवावं लागतं, फॉन्ट साइज कमी करायची सोय नाही. टिंब टिकावं म्हणून कागद जाड लागतो. त्यामुळे छापील एक पान ब्रेलमध्ये दोन-तीन पानं खातं, आणि आपण एस.टी.त वाचत जातो ती कादंबरी ब्रेलमध्ये दोन-चार जाडजूड खंडांची होते. वजनाप्रमाणे पोस्टेज लावलं तर ज्याच्याकडे आधीच पुस्तकं कमी त्यालाच वाचनाचा खर्च सगळ्यात जास्त. ही सवलत कुणाला पुढे ढकलत नाही. आपण जिथे उभे आहोत तिथपर्यंत फक्त आणून सोडते.

एस.टी.चंच बघा ना. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून आम्हा मुली-बायकांना अर्धं तिकीट झालं. मी धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावला येते तेव्हा अर्ध्या तिकिटात येते. मी विनातिकीट आहे का? नाही. उरलेले पैसे सरकार एस.टी.ला देतं, म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे देतो. मराठीत बसच्या आणि पत्राच्या तुकड्याला एकच शब्द आहे, तिकीट, हे फार बरं झालं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथे टिकट वेगळं आणि स्टँप वेगळा. मराठीत विचार केल्यावर हा मुद्दा मला लवकर समजला!

आता कागदावर नियम कितीही सुंदर असला तरी तो शेवटी खिडकीवर येऊन थांबतो. माझा एक मावसभाऊ आहे, त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याचा मित्र, तोही दृष्टिहीन, इंग्लंडला शिकायला गेला. तिकडे त्याला मराठी वाचायला काही मिळेना. म्हणून दादाने दिवाळी अंकातल्या दोन कथा कुणाकडून तरी वाचून घेतल्या आणि स्वतः स्लेटवर टोचून काढल्या. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, स्लेटवर ब्रेल उजवीकडून डावीकडे, उलटं टोचावं लागतं, तेव्हा कागद पालटल्यावर सुलटं वाचता येतं. आपल्याला ड्रॉइंगमध्ये आरशातली आकृती काढताना घाम फुटतो, हा माणूस तेवीस पानं तशी लिहितो. आम्ही दोघं ते पाकीट घेऊन खानदेशातल्याच एका पोस्टात गेलो. गाव सांगत नाही. खिडकीवरच्या काकांनी पानं पुढून-मागून पाहिली आणि म्हणाले, “ताई, हे तर कोरे कागद आहेत. कोऱ्या कागदाला कसली सवलत?” दादा हसला आणि म्हणाला, “काका, डोळ्यांनी नका बघू. हात लावून बघा.” काकांनी खरंच हात लावला. थोडे वरमले. पण म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये ऑप्शन दिसत नाही, पैसे भरा नाहीतर घेऊन जा. आम्ही घेऊन आलो. दुसऱ्या ठिकाणी ‘उद्या या’ झालं. तिसऱ्या ठिकाणच्या पोस्टमास्तरांनी मात्र कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, पान उघडलं, स्टाफला बोलावून दाखवलं, आणि फक्त विमानाचा जादा आकार घेऊन पाकीट घेतलं.

त्या काकांवर माझा राग नाही. एकाच खिडकीवर बचत खातं, आधार, विमा, पार्सल, सगळंच त्यांच्या गळ्यात. वर्षातून एखादं ब्रेल पाकीट येणार, लक्षात कसं राहील? माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. हक्काची गोष्ट मागायला दादाला तीन ठिकाणी जावं लागलं, आणि सोबत डोळस माणूस न्यावं लागलं. आणि इथे आपल्या उलट्या पत्त्यांचा संबंध येतो. पाच जणांनी सवलतीला चाट मारली की सहाव्याकडे खिडकीवरचा माणूस संशयाने बघतो. खोटं सर्टिफिकेट काढून सवलत लाटणारा आपल्याला ‘हुशार’ वाटतो. पण त्याचा भुर्दंड सरकारला नाही बसत, तो खऱ्या माणसाला बसतो. त्याला दरवेळी सिद्ध करावं लागतं की मी खोटा नाही.

आता आपले टेक्निकल बंधू म्हणतील, ब्रेल आणि पोस्ट दोन्ही आउटडेटेड आहे, पी.डी.एफ. पाठवा, स्क्रीनरीडर वाचेल. ठीक आहे. पण आधी एक करा. रूममेटला डोळे मिटायला सांगा आणि लाप्लास ट्रान्सफॉर्मचं एखादं गणित फक्त बोलून समजवा. कंस कुठे सुरू झाला, भागाकाराच्या खाली काय आलं, हे तिसऱ्या ओळीला दोघेही विसराल. ऐकणं आणि वाचणं यात फरक आहे. शुद्धलेखन, गणित, कविता, हे स्वतःच्या बोटाखाली लागतं. म्हणून तर १५ फेब्रुवारी २००८ ला स्वागत थोरात यांनी मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केलं. अशा अंकांसाठी बिनतिकिटाचं टपाल किती मोलाचं असेल याचा अंदाज करा. आपल्या जळगावातच दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात दृष्टिहीन मुलं-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. आपण ज्या शहरात कॉपी कशी करायची यावर चर्चा करतो, त्याच शहरात कुणीतरी पुस्तकच हाती यावं म्हणून धडपडतंय.

आणि पी.डी.एफ.चं म्हणाल तर तिथेही गोम आहे. आपण नोट्सचे फोटो काढून जी पी.डी.एफ. करतो ते स्क्रीनरीडरच्या दृष्टीने नुसतं चित्र. तो म्हणतो, इथे काही नाही. अगदी त्या काकांसारखं, कोरा कागद! शिवाय आपल्याकडे मराठी मजकूर अजूनही ठिकठिकाणी जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतो. डोळ्याला ‘विद्यार्थी’ दिसतं, आत कॉम्प्युटरला रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ती ना बोलून दाखवता येते, ना ब्रेलमध्ये बदलता येते. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर मात्र दोन्हीकडे चालतो. ‘लिबलुई’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर मराठी युनिकोड मजकुराचं ब्रेल करून देतं. त्याला पैसे पडत नाहीत. कायद्याचीही अडचण नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने दिव्यांग व्यक्तींसाठी नफा न घेता पुस्तकाचं वाचता येईल असं रूप करायला परवानगी दिली आहे. २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात अशी पुस्तकं देशाबाहेर पाठवता यावीत म्हणून करार झाला, आणि त्याला सगळ्यात आधी मान्यता देणारा देश कुठला? भारत, २०१४ मध्ये! २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ ही ऑनलाइन लायब्ररीही सुरू झाली. कायदा झाला, करार झाला, सॉफ्टवेअर आहे, पोस्टेज माफ आहे. कमी आहेत ती फक्त टाइप करणारी माणसं. आणि आपल्याकडे, परीक्षेचा महिना सोडला तर, रात्री अकरा ते दोन एवढा रिकामा वेळ आहे!

खानदेशाला ‘दुसऱ्याचं लिहून घेणं’ ही गोष्ट नवी नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी आज आपल्यापर्यंत आली ती घरातल्या माणसांनी, सोपानदेवांनी, ती उतरवून घेतली म्हणून. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. समोर बसून साने गुरुजींनी ते लिहून घेतलं, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. लिहून घेणाऱ्याला त्या दिवशी कुणी मानधन दिलं नव्हतं. त्यांचं नाव आज आपण शाळांना देतो. मग त्यांच्या मातीतल्या इंजिनियरांनी चार पानं टाइप करायला काय हरकत आहे?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. एक, आपल्या या मॅगझिनचा मराठी विभाग पुढच्या अंकापासून युनिकोडमध्ये करावा आणि त्याची फाइल लायब्ररीत ठेवावी. सर आणि मॅडम, नोट्स आणि सूचनासुद्धा तशाच द्याव्यात. दोन, प्रत्येक विंगने एका सत्रात एक तरी पुस्तक टाइप करून द्यावं. अभ्यासाचंच हवं असं नाही, गोष्टींचंही चालेल. तीन, पोस्टात गेलात आणि कुणी असं पाकीट घेऊन उभं असेल तर त्याच्या बाजूने दोन शब्द बोला. नियम माहीत असलेला एक माणूस रांगेत असला तरी खूप फरक पडतो. आणि चार, उलटे पत्ते, धुतलेली तिकिटं, खोटी सर्टिफिकेटं यांच्या गोष्टी सांगणाऱ्याला टाळ्या देणं बंद करा. ताईने अखेर रीतसर स्पीड पोस्टाने कागद पाठवले, वर्गणी काढून. त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

सवलत ही भीक नाही आणि लूटही नाही. दीडशे वर्षांत देशोदेशींच्या माणसांनी थोडे थोडे पैसे घालून एक रस्ता करून ठेवला आहे, ज्यावरून कैद्याची खुशाली आणि ब्रेलचं पुस्तक टोल न भरता जाऊ शकतं. आपण त्या रस्त्यावर चोरवाट खोदायची की एखादं पुस्तक त्यावरून पुढे पाठवायचं, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे. टायपिंगला कोण कोण येणार, त्यांनी लायब्ररीच्या नोटीस बोर्डावर नाव लिहावं. वही आणि पेन मी ठेवते आहे.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी